ग्वाल्हेरच्या हौदातले हिरवे पाणी

शाळेत जीवशास्त्र शिकलेल्या कुणालाही 'यूग्लिना' म्हणजे काय ते विचारून पाहा. बाकी सगळे विसरलेला माणूसही एवढे नक्की सांगेल, "तो नाही का, अर्धा प्राणी आणि अर्धी वनस्पती!" परीक्षेत हा प्रश्न हमखास यायचा. यूग्लिनाला वनस्पती व प्राणी यांच्यामधला दुवा का म्हणतात? उत्तर तोंडपाठ असायचे. हरितद्रव्य आहे म्हणून वनस्पती. चाबकासारख्या शेपटीने पोहतो म्हणून प्राणी. पेशीभोवती वनस्पतीसारखी ताठ भिंत नाही म्हणून पुन्हा प्राणी. गुण मिळायचे आणि यूग्लिना वहीत मिटून जायचा. तो या दोघांपैकी कुणीतरी एक असलाच पाहिजे, हे मुळात ठरवले कुणी, असे आम्ही कधी विचारले नाही आणि गुरुजींनीही सांगितले नाही.

हा प्रश्न मला पुन्हा भेटला तो ग्वाल्हेरला, दोन वर्षांपूर्वी दसऱ्याच्या आसपास.

गोव्याच्या माणसाला ग्वाल्हेर तसे परके नाही. महादजी शिंद्यांचे सेनापती जिवबादादा बक्षी हे केरकर, म्हणजे मूळचे आपल्या केरीचे. शेजारच्या सावंतवाडी संस्थानातल्या वझरे गावचे रामकृष्णबुवा वझे गाण्यासाठी वणवण करीत ग्वाल्हेरला पोचले आणि निसार हुसेन खाँसाहेबांकडे शिकले. पुढे केसरबाई केरकरांनी काही काळ वझेबुवांची तालीम घेतली. म्हणजे ग्वाल्हेरच्या गाण्याचा एक पाट आपल्या कुळागरापर्यंत येऊन पोचला म्हणायचा. भा. रा. तांबे तर ग्वाल्हेरचे राजकवी. १९४१ मध्ये ते तिथेच वारले. त्यांची गाणी मंगेशीच्या लताबाईंच्या आवाजात आपण लहानपणापासून ऐकत आलो. तेव्हा 'तिकडे काय आहे एवढे पाहण्यासारखे?' असे घरी विचारले गेले, तेव्हा माझ्याकडे उत्तर तयार होते.

दौलतराव शिंद्यांनी १८१० मध्ये किल्ल्याच्या पायथ्याशी तळ दिला आणि त्या तळाचेच पुढे शहर झाले. नावच मुळी लष्कर! तिथल्या वस्त्यांची नावे वाचत हिंडावे. शिंदे की छावनी, फालका बाजार, चिटनीस की गोठ. हा 'गोठ' गुरांचा नव्हे. सरदाराच्या तळाला आपण 'गोट' म्हणतो, तोच हा असावा. आडनाव आणि गोट दोन्ही मराठी, मधला 'की' तेवढा हिंदी. ग्वाल्हेरच्या मराठीपणाचे सगळे व्याकरण मला त्या एका पाटीवर लिहिलेले दिसले.

मी ज्यांच्याकडे उतरलो होतो ते काका एका महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकवून निवृत्त झालेले. वाडा जुना, मधोमध चौक, चौकात दगडी हौद, हौदावर वाकलेला कडुनिंब आणि कडुनिंबावर कबुतरे. आता घरात नळ आहेत, त्यामुळे हौदाला काम राहिलेले नाही. पावसाचे पाणी, पडलेली पाने आणि कबुतरांची कृपा एवढ्यावर तो भरलेला असतो. पाणी असे हिरवेगार झाले होते की वाटावे कुणी रंग कालवलाय. काकू रोज एकदा तरी म्हणत, "हे पाणी फेकून द्या म्हणून मी केव्हाची सांगून राहिलीय!" आणि काका म्हणत, "राहू दे गं, गोव्याचे पाहुणे आले आहेत, त्यांना दाखवून देतो आधी."

चहा 'पिऊन घेतल्यावर' काकांनी कॉलेजने मोडीत काढलेला सूक्ष्मदर्शक खिडकीत आणून ठेवला, आरशाने उजेड धरला आणि काचपट्टीवर हौदातला एक थेंब सोडला. "डोळा लावा. घाई करू नका."

आधी नुसते हिरवे धुके. मग भिंग सरकवल्यावर त्यात जीव दिसू लागले. लांबट, चातीसारखे, दोन्हीकडे निमुळते. स्वतःभोवती गिरक्या घेत पुढे जाणारे. एक मिलीमीटरच्या अंतरात असे वीसेक जण सहज ओळीने मावतील एवढाच आकार. मधे एखादा थांबायचा आणि अळीसारखा आक्रसून गोल व्हायचा, पुन्हा ताणून लांब व्हायचा. काका म्हणाले, याच्या अंगावर प्रथिनांच्या पट्ट्या असतात, स्क्रूच्या आट्यांसारख्या तिरप्या. त्या एकमेकींवरून सरकतात म्हणून हे वळवळणे. पुढच्या टोकाशी एक लालभडक ठिपका. एवढ्याशा जिवाला डोळा! नावही त्यावरूनच पडले. 'यू' म्हणजे चांगले, 'ग्लेने' म्हणजे डोळ्याचे बुबुळ. ग्रीक भाषेतला 'सुनेत्र' म्हणा ना.

गंमत म्हणजे हा लाल डोळा पाहत नाही. तो फक्त सावली पाडतो. प्रकाश ओळखणारा खरा भाग शेपटीच्या मुळाशी, त्याच्या शेजारी असतो. गिरकी घेताना लाल ठिपक्याची सावली त्या भागावर पडते, सरते, पुन्हा पडते, आणि त्यावरून यूग्लिनाला उजेड कोणत्या बाजूला आहे ते कळते. त्या भागातले प्रकाश ओळखणारे प्रथिन नेमके कोणते, ते जपानी शास्त्रज्ञांनी २००२ मध्ये शोधून काढले. काकांनी आदल्या दिवशीच एक काचेची बरणी हौदातल्या पाण्याने भरून तिला काळा कागद गुंडाळला होता, कागदाला एकच भोक ठेवून. कागद काढला तर बाकी बरणी फिकी, आणि भोकाच्या जागी हिरवी टिकली लावल्यासारखा ठिपका. सगळे मंडळ तिथे उजेडाला येऊन बसले होते.

"आता सांगा," काका हसत म्हणाले, "प्राणी की वनस्पती?"

माणसाने हा प्रश्न त्याला फार दिवस विचारलेला आहे. डेल्फ्टच्या लेवेनहूकने १६७४ मध्ये तळ्यातल्या पाण्यात जे बारीक जीव पाहिले, त्यात मधे हिरवे आणि टोकांना पांढुरके असे काही होते. ते यूग्लिनाच असावेत असे अनेकजण मानतात. एरेनबर्ग या जर्मन शास्त्रज्ञाने १८३० मध्ये त्याला नाव दिले. मग वनस्पतिशास्त्रज्ञ म्हणाले आमचा, प्राणिशास्त्रज्ञ म्हणाले आमचा. हेकेलने १८६६ मध्ये या भांडणाला कंटाळून अशा जिवांसाठी तिसरेच घर बांधले, प्रोटिस्टा. व्हिटेकरने १९६९ मध्ये पाच घरे केली, आणि पुढे वर्षानुवर्षे पाठ्यपुस्तकांतून आपण तीच पाच घरे शिकलो. तरी भांडण पुरते मिटलेले नाही. वनस्पतींची नावे ठेवण्याचे नियम वेगळे आणि प्राण्यांचे वेगळे, आणि यूग्लिना हा दोन्ही नियमावल्यांच्या कक्षेत येणाऱ्या थोड्या जिवांपैकी एक. दोन्ही सरकारांचे रेशनकार्ड असलेला इसम!

"आमचं पण असंच आहे," काका म्हणाले. "जनगणनेवाला येतो, मातृभाषा विचारतो. मी मराठी लिहवतो. मुलगा म्हणतो, बाबा, हिंदी लिहा ना, आपण बोलतो तर हिंदीच. एका घरात दोन रकाने!" ते हसले, पण मला हसता आले नाही. आपल्या गोव्यात याच रकान्यापायी किती घरांत, किती सभांत काय काय झाले ते मी पाहिले आहे. घरी कोंकणी बोलणारा, देवळात मराठी भजन म्हणणारा, मराठी वर्तमानपत्र वाचणारा आणि कचेरीत इंग्रजी अर्ज भरणारा गोंयकार कोण, या प्रश्नावर आपण अर्धे शतक खर्ची घातले. यूग्लिनाला विचारले असते तर त्याने काय सांगितले असते? उजेड असेल तेव्हा मी माझे अन्न स्वतः तयार करतो, नसेल तेव्हा पाण्यात विरघळलेले खातो. दोन्हींनी पोट भरते.

आणि रकाने न मानण्याची ग्वाल्हेरला सवय आहेच. हजिऱ्याला तानसेनची साधीशी कबर आहे, महंमद घौस यांच्या भव्य मकबऱ्याच्या शेजारी. दरवर्षी तिथे तानसेन समारोह होतो. त्याची सुरुवात सनईने होते, मग ढोलीबुवांच्या मठाचे महाराज हरिकथा करतात आणि मग मौलवी मिलाद वाचतात. महाराष्ट्राच्या मातीतली कीर्तनपरंपरा, ग्वाल्हेरात येऊन हिंदीत बोलणारी, सुफी संताच्या अंगणात उभी! ही हरिकथा मराठी म्हणायची की हिंदी? तानसेन हिंदू म्हणायचा की मुसलमान? विचारणारे विचारतात. गाणारे गातात.

इथपर्यंत मला हा विचार सुखाचा वाटत होता. दोन्ही असणे किती छान, असे म्हणून मी चहाचा कप उचलणार, तोच काकांनी दुसरा धडा सुरू केला.

यूग्लिनाचा हिरवा रंग त्याचा स्वतःचा नाही. त्याच्या नात्यातली बरीचशी मंडळी रंगहीन आहेत, इतरांना गिळून जगणारी. निद्रारोगाचा आणि काळा आजाराचा परजीवी हे त्याचे दूरचे भाऊबंद. कोट्यवधी वर्षांपूर्वी अशाच एका रंगहीन पूर्वजाने एक हिरवे शैवाल गिळले आणि ते पचवलेच नाही. ठेवून घेतले. गिळलेल्याचा पुढे हरितलवक झाला, म्हणजे उजेडातून साखर करणारा कारखाना. पुरावा काय? हिरव्या झाडांच्या हरितलवकाभोवती दोन आवरणे असतात, यूग्लिनाच्या हरितलवकाभोवती तीन. पाहुणा घरात आला तो आपला अंगरखा घालूनच राहिला.

म्हणजे हा हिरवेपणा रक्तातून आलेला नाही, कमावलेला आहे. आणि कमावलेले घालवताही येते.

काकांनी आपल्या विद्यार्थिदशेतल्या प्रयोगाचे वर्णन केले. यूग्लिना ग्रॅसिलिस ही जात पोषक द्रव घालून अंधारात ठेवायची. ती मरत नाही. खाते, वाढते, उभी चिरत जाऊन एकाचे दोन होते. पण पिढ्यांगणिक फिकी होत जाते. हरितलवक आक्रसून बारीक कणाएवढे राहतात. काही काळाने बरणीत हिरवे काही दिसतच नाही. मग तिला उजेडात आणायचे. तीनेक दिवसांत ती पुन्हा हिरवीगार! जे कण उरले होते ते फुगतात, उलगडतात, कामाला लागतात.

पण दुसरा एक प्रकार आहे. १९४८ मध्ये अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांनी यूग्लिनाला स्ट्रेप्टोमायसिन देऊन पाहिले, आपले क्षयावरचे औषध. ज्या मात्रेने यूग्लिना मरत नाही, त्या मात्रेनेही त्याचा हिरवा रंग जातो. आणि तो कायमचा जातो. औषध काढून घ्या, उजेडात ठेवा, पन्नास पिढ्या वाट पाहा. पांढऱ्याचा पांढराच. जीव उत्तम. पोहतो, खातो, वाढतो. त्याला काही कमी पडले आहे असे त्याच्याकडे पाहून वाटणारही नाही.

"बाहेरून पाहिलं तर दोन्ही बरण्या सारख्याच दिसतात," काका म्हणाले. "कोणती अंधारातली आणि कोणती औषधातली, ते उजेडात ठेवल्याशिवाय कळत नाही."

तेवढ्यात त्यांची नात कॉलेजातून आली. दप्तर टाकत म्हणाली, "आजोबा, आज फिर वही हरा पानी?" सगळे वाक्य हिंदी, संबोधन तेवढे मराठी. आजोबा, आजी, आत्या, मावशी ही नाती त्या घरात मराठीच राहिली आहेत. तिला मराठी कळते, गणपतीच्या आरत्या सगळ्या पाठ, पण बोलायला सांगितले की लाजून हिंदीत शिरते. काका तिच्याकडे पाहत होते आणि मी काकांकडे. त्यांना मघाशी बरण्यांबद्दल नक्की काय म्हणायचे होते, ते विचारायची गरज उरली नाही.

उपमा फार ताणू नये, हे मला कळते. माणूस म्हणजे यूग्लिना नव्हे, आणि हिंदी किंवा इंग्रजी म्हणजे काही विषारी औषध नव्हे. त्या मुलीची हिंदी सुरेख आहे, ती तिने कमावलेली आहे, आणि तीही तिचा हिरवेपणाच आहे. पण काकांनी आणखी एका जातीचे नाव सांगितले ते माझ्या मनातून जात नाही. यूग्लिना लोंगा. ही जात निसर्गतःच रंगहीन झाली आहे. उजेडातून अन्न करणे तिने केव्हाच सोडले. तरी तिच्या पोटात त्या जुन्या हरितलवकाचा अवशेष आहे, आणि त्याची स्वतःची छोटीशी जनुकसामग्रीही ती पिढ्यान्‌पिढ्या जपून पुढे देते. हिरवा रंग गेला, कारखाना बंद पडला, पण त्याची खोली तिने मोडून टाकलेली नाही. आरत्या पाठ असणे आणि 'आजोबा' म्हणणे हे त्या खोलीसारखे असेल का? की ते अंधारात आक्रसलेले कण आहेत, तीन दिवसांच्या उजेडाची वाट पाहणारे?

दुसऱ्या दिवशी किल्ल्यावर सूरजकुंड पाहिले. कथा अशी की, कोड झालेल्या सूरज सेन राजाला ग्वालिपा नावाच्या साधूने तिथले पाणी पाजले आणि तो बरा झाला. त्या साधूच्या नावावरून ग्वाल्हेर. साधूने त्याला 'पाल' हे नाव दिले आणि बजावले, वंशजांनी हे नाव लावले तोवर किल्ला तुमचा. म्हणतात, त्र्याऐंशी जणांनी लावले. चौऱ्याऐंशीव्या तेजकरणाने सोडले आणि किल्ला गेला. कुंडाचे पाणी पिऊन पाहण्याचे धाडस मी केले नाही. सी. मर्विन पामर या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९६९ मध्ये घाण पाणी सोसणाऱ्या शेवाळांची क्रमवारी लावली, तीत यूग्लिना सर्वांत वर होता, एवढे काकांनी सांगून ठेवले होते. खाली शहरातून वाहणाऱ्या स्वर्णरेखेचे पाहा, नदीचा नाला झालेला. यूग्लिनाला ती चालेल. तो टिकाऊ आहे. आपल्याला वाटते त्यापेक्षा कितीतरी वाईट पाण्यात तो हिरवा राहू शकतो, हा त्यातला दिलासा म्हणायचा तर म्हणावा.

कथेतल्या साधूशी मात्र माझे जमले नाही. नाव लावल्याने काही टिकते, असे मला वाटत नाही. केरकर, बक्षी, चिटनीस ही नावे तर पाट्यांवर जशीच्या तशी आहेत. टिकते ते वापराने. आपल्याकडे मराठी शाळा पटसंख्येअभावी बंद पडतात तेव्हा आपण सभा घेतो, ठराव करतो, रकान्यात काय लिहायचे यावर भांडतो. आणि सभेहून घरी येऊन मुलांशी ना कोंकणीत बोलतो ना मराठीत. रकाना भरलेला, बरणी अंधारात. यूग्लिनाला उजेड बाहेरून, फुकट मिळतो. भाषेचा दिवा घरातल्या माणसांनीच लावायचा असतो, रोज, आणि तो कुठल्या एका सभेत लावून ठेवता येत नाही.

ग्वाल्हेरहून आल्यावर काकांशी फोनवर बोलणे होत असते. काकूंनी शेवटी हौद रिकामा करवला, कडुनिंब आणि कबुतरे असल्यामुळे तो पुन्हा हिरवा झाला, असे कळले. नातीचा मात्र कधी फोन नव्हता. गेल्या भाऊबीजेला अचानक तिचा निरोप आला, देवनागरीत टाइप केलेला. "काका, ओवाळणे याला हिंदीत काय म्हणतात? माझ्या फ्रेंडला समजवून राहिले आहे."

मी 'आरती उतारना' लिहिले आणि पुसले. आरती देवाची. भावाला, लढाईवर निघालेल्याला, परीक्षा देऊन आलेल्याला, नव्या सुनेला आपण ओवाळतो ते तेवढेच नव्हे. बराच वेळ शब्द शोधला. शेवटी लिहिले, "नेमका शब्द मला सापडत नाही. तिला पाटावर बसव आणि तूच ओवाळून दाखव."